बोडीच्या पारीवरचा शेंदूर

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आमच्या शेतातल्या बोडीच्या पारीवर पोकलेनला जोडलेला, झाडांचा भुगा करणारा मल्चर सुरू झाला आणि दुपारच्या जेवणानंतर थांबला. मशीन बिघडले नव्हते. डिझेल संपले नव्हते. ऑपरेटरने पुढचे झाड तोडायला नकार दिला होता.

शेत आंधळगावच्या पुढे आहे. बोडी म्हणजे त्यातले लहान तळे, आणि पार म्हणजे तिला तीन बाजूंनी अडवणारा मातीचा बांध. आश्विनात धान निसवते, लोंबी बाहेर पडते, आणि नेमका तेव्हा पाऊस निघून गेलेला असतो. त्या वेळी बोडीचा तुडूम उघडतात. तुडूम हे पारीच्या तळातले भोक. एरवी त्यात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. खुंटा काढला की पाणी एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसऱ्या बांधीत उतरत जाते. गेली काही वर्षे आमच्या बोडीचे पाणी आश्विनापर्यंत राहत नव्हते, तळाशी डबके तेवढे उरे. कुठून तरी पाझरत होते. कुठून, ते दिसत नव्हते, कारण पारीच्या मागच्या उतारावर घाणेरी, बेशरम, बोर आणि काटेरी वेलींचे रान माजले होते. त्यात शिरायचे तर कुत्राही वळसा घालून जाई. शेवटच्या, सगळ्यात खालच्या बांधीत दरवर्षी पोचट दाणा निघायचा.

शेत वहिनी पाहते. भाऊचे आंधळगावात कापडाचे दुकान आहे. शेताविषयी तो पाहुण्यासारखा बोलतो. त्या उन्हाळ्यात मात्र त्याने एक निर्णय जाहीर केला होता. बोडी रस्त्याला लागून आहे. यंदा आश्विनात पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचले नाही, तर बोडी बुजवून तिथे लग्नाचा लॉन करायचा.

"पानी नाई राहत तं खड्डा कायले ठेवाचा?" तो म्हणाला.

"खड्डा म्हनून राहिले तुमी तिले?" वहिनी म्हणाली. "तुमच्या दुकानात गिऱ्हाईक नाई आलं तं दुकान बुजवता का?"

भाऊने निर्णय बदलला नाही.

मी तेव्हा वर्तमानपत्रातल्या नोकरीतून सुटी घेऊन घरी होतो. पुढचे बहुतेक मी समोर उभे राहून पाहिले. जे पाहिले नाही ते तसे सांगितले आहे.

मल्चर भाऊनेच आणला. जवळच कालव्याच्या कामावर झाडोरा साफ करायला ते मशीन आले होते आणि त्याचा ठेकेदार दुकानाचा जुना गिऱ्हाईक होता. एक काम संपले होते, दुसऱ्या कामावर मशीन न्यायला ट्रेलर सोमवारी सकाळी यायचा होता. मधल्या सुटीत बोडीचे काम करून द्यायला ठेकेदार तयार झाला. वहिनीला मशीन नको होते. आदल्या वर्षी एक शेजारी बकेटने पार साफ करायला गेला तेव्हा झाडांच्या मुळांबरोबर पारीची मातीच निघून आली होती.

"हे बकेट नोहय," भाऊ तिला समजावत होता. "हे उकरत नाई. उभ्या झाडाचा भुगा करते. जमिनीले हात बी लावत नाई."

"अन मंग काम झालं नाई तं याच पोकलेनाले बकेट लावून बोडी बुजवान तुमी. मले समजते."

"ते बी होते," भाऊने मान्य केले.

मशीन असे होते. पोकलेनच्या हाताच्या टोकाला बकेटच्या जागी एक लोखंडी पेटी, तिच्यात आडवा ड्रम, ड्रमवर ओळीने बसवलेले जाड पोलादी दात. ड्रम वेगाने फिरतो. ऑपरेटर हात वर नेऊन झाडाच्या शेंड्यावर ड्रम टेकवतो आणि हळूहळू खाली आणतो. झाड पडत नाही. वरून खाली नाहीसे होते आणि बुडाशी भुशाचा ढीग उरतो. मुळे जमिनीत राहतात, माती जागची हलत नाही. एखादा दगड किंवा तारेचा तुकडा दातात सापडला तर तो गोळीसारखा उडतो. म्हणून ऑपरेटरने सुरुवातीलाच दोर बांधून हद्द आखली आणि सगळ्यांना त्याच्या मागे बसवले. अर्धे गाव बसले होते. मशीन सुरू झाल्यावर कोणीतरी म्हणाले, "अरे, हे तं मिक्सर होय गा!" आणि तेच नाव पडले.

ऑपरेटर बालाघाटकडचा होता, वयाने भाऊच्या आसपास. कॅबिनमध्ये चढण्यापूर्वी तो चपला काढून पायरीवर जोडीने ठेवायचा, उतरल्यावर पुन्हा घालायचा. सकाळी वहिनीने मशीनची पूजा केली. पुढच्या भागाला शेंदूर लावला, नारळ फोडला, खोबरे वाटले. तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी पारीवरच एका दगडाआड राहिली. ती तिथे मुद्दाम ठेवली होती, असे कोणीही मला सांगितले नाही.

काम झपाट्याने चालले. पहिल्या टप्प्यात घाणेरी गेली. मग पारीच्या कोपऱ्यावर पळसाखाली एक जुना शेंदूर लावलेला दगड निघाला. तो आमच्या आजोबांच्याही आधीचा आहे असे मानतात. ऑपरेटरने ड्रम थांबवला, सीटवरूनच हात जोडले, पळस आणि दगड सोडून मशीन वळसा घालून पुढे नेले. दोराच्या मागे बसलेल्या सगळ्यांनी हे पाहिले.

त्यानंतर जेवणाची सुटी झाली. ऑपरेटर आमच्या घरी जेवायला आला. वहिनीने त्याला वांग्याची भाजी आणि भात वाढला. तो बराच जेवला आणि ओसरीवर थोडा वेळ आडवा झाला. वाढून झाल्यावर वहिनी "गुरांना पानी दाखवाचं हाय" म्हणून शेताकडे गेली.

आम्ही परत आलो तेव्हा पारीवर ठिकठिकाणी लाल दिसत होते.

शेजारचे शेत असलेल्या काकाजींच्या बाजूला कललेली बोर होती. तिच्या खोडावर शेंदराचा जाड पट्टा होता. एका सीताफळाला होता. येरोनीच्या काटेरी जाळीत आत हात घालून कोणीतरी ठिपका लावला होता आणि त्याच्या हाताला काटे लागले असणार. पारीच्या मागच्या उतारावर, अगदी खाली, सिंधीचे बेट होते. सिंधी म्हणजे खजुरासारखी पाने असलेली झाडे. तिच्या पानांचे फडे, म्हणजे झाडू, घरोघर होतात. तिच्याही बुंध्यावर शेंदूर होता. बेशरमीच्या एका झुडपालाही टिळा होता. तो कोणी लावला हे शेवटपर्यंत कळले नाही.

शेंदूर ओला होता. बोरीवरून तेल ओघळत होते.

ऑपरेटर प्रत्येक झाडापुढे मशीन घेऊन गेला आणि पाहून झाल्यावर ते बंद करून खाली उतरला.

"अरे, आत्ताच लावला हाय हा," भाऊ म्हणाला. "बोट लावून पाय. ओला हाय."

"साब, ताजा हो या पुराना, सिंदूर तो सिंदूर है."

"पण हे गावच्या लोकांनी झाडं वाचवाले केलं."

"किसने किया, क्यों किया, वो मैं नहीं जानता. मुझे घर भी जाना है."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने चपला घातल्या आणि पळसाखाली जाऊन बसला.

वहिनीचा मात्र आवाज चढला. तिने दोराच्या मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे सुनावले. बोडीवर कोणाचा जीव नाही, बोरं खाण्यापुरती बोडी पाहिजे, आश्विनात पाणी मागायला मात्र सगळे येतात. काकाजी खाली पाहत होते. त्यांच्या अंगठ्याच्या नखात लाल दिसत होते. दोन बाया एकमेकींकडे पाहून हसल्या आणि वहिनीने त्यांच्याकडे पाहताच पदर तोंडाला लावून बसल्या. त्या दिवशी काम पुढे गेले नाही.

रात्री जेवताना भाऊ लॉनविषयी बोलला. स्टेज कुठे येईल, गाड्या कुठे लागतील. वहिनी पोळ्या लाटत होती.

"पंगत कुठं बसवान?" तिने विचारले.

"बोडी हाय ना, तिथंच. सपाट केली की मोठी जागा होते."

"तुमचं दुसरं लगन लावा मंग पयले तिथं," ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली. भाऊ हसला. तीही हसली, पण तिने त्या रात्री जेवण कमी घेतले. हे माझ्या लक्षात आहे, कारण उरलेली पोळी मीच खाल्ली.

रविवारी सकाळी वहिनी काकाजींच्या घरी गेली आणि त्यांना घेऊन पारीवर आली. गावच्या मातामायची, म्हणजे गावदेवीची, पूजा काकाजी करतात. त्यांच्याआधी त्यांचे वडील करत. देवाधर्माच्या बाबतीत गाव त्यांचे ऐकते. वहिनीने त्यांना ऑपरेटरसमोर उभे केले आणि सगळ्यांच्या देखत विचारले.

"काकाजी, तुमी मातामायचे पुजारी. मले एक सांगा. झाडाले शेंदूर लावला म्हंजे देव बसला का?"

काकाजींनी आपल्या बोरीकडे पाहिले, मग वहिनीकडे, मग ऑपरेटरकडे. ती बोर त्यांच्या नातवंडांची आवडती आहे, हे सगळ्यांना माहीत होते. पण प्रश्न त्यांच्या कामातला होता आणि चारचौघांत विचारला गेला होता.

"नाई," ते म्हणाले. "नारेल फुटाले पायजे. नारेल फोडून बोलावल्याबिगर देव येत नाई. तवर तो नुसता रंग."

"पक्का?" ऑपरेटर उभा राहिला.

"पक्का जी. माझ्या बापानं सांगितलं हाय."

"मंग तुमच्या बोरीले फोडला का नारेल?" वहिनीने विचारले.

"बोरीले..." काकाजी थांबले. "बोरीले नाई."

दोराच्या मागे मोठा हशा झाला. एकाने ओरडून विचारले, "काकाजी, फोडला असन, खोबरं एकट्यानंच खाल्लं असन!" काकाजींनी त्याला शिवी दिली, तीही हसत हसत.

ऑपरेटरने एक अट घातली. ज्याने शेंदूर लावला त्याने स्वतः सांगायचे की नारळ फोडला नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावर तो झाड तोडणार नाही. मग एकेक जण पुढे आला. सीताफळाची बाई आली, म्हणाली, "नाई फोडला, पण येवडं एक झाड ठेवाल तं पाहा ना जी." सीताफळ पारीच्या टोकाला होते, मुळे पारीत शिरत नव्हती; वहिनी म्हणाली, राहू द्या. येरोनीवाला हाताला पट्टी बांधून आला. बेशरमीसाठी कोणी आले नाही. काकाजींनी ठरवले की बेशरमीवर देव बसूच शकत नाही, नारळ फोडला तरी. ऑपरेटरने ते मान्य केले.

"तो फिर कल इस बाँध पर नारियल किसके नाम का फूटा था?" त्याने विचारले.

"तुमच्या मशीनच्या," वहिनी म्हणाली.

"मतलब यहाँ एक पुराना देवता, और एक मेरी मशीन." तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.

सिंधीच्या बेटासाठी कोणी पुढे आले नाही. भाऊने दोनदा विचारले, "सिंधी कोनाची गा? कोनं लावला?" बायांनी एकमेकींकडे पाहिले. वहिनी घमेले उचलून दुसरीकडे गेली. ऑपरेटर म्हणाला, मग ते राहील.

मशीन सुरू झाले. दुपार टळेपर्यंत बोर गेली, येरोनी गेली, बाभळी गेल्या, बेशरम बोडीच्या काठापर्यंत गेली. बोरीजवळ एकदा खाडकन आवाज झाला आणि ड्रम थांबला. बुंध्यात जुन्या कुंपणाची तार रुतलेली होती. खोड तिच्याभोवती वाढले होते. ऑपरेटरने तारेचे तुकडे काढले, तुटलेला एक दात बदलला. तोपर्यंत वहिनीने त्याच्यासाठी मठ्ठा आणला. तिने बशीत खोबऱ्याचा एक तुकडाही आणला होता. "कालचा हाय. तुमच्या मशीनचा," ती म्हणाली.

उन्हे उतरली तेव्हा पारीचा मागचा उतार मोकळा झाला होता. मी तो त्याआधी असा कधी पाहिला नव्हता. भाऊ म्हणाला, त्यानेही लहानपणानंतर पाहिला नाही. भुशाखाली माती वाळून पांढरट झाली होती. गवत पिवळे होते. खाली एकटे सिंधीचे बेट उभे होते, मे महिन्यातही हिरवेगार, आणि त्याच्या बुडाशी बैलगाडीएवढ्या जागेत माती काळी दिसत होती.

ते सगळ्यांनाच दिसले असावे.

वहिनी पारीवरून खाली उतरली. सिंधीपाशी बसली, मातीत बोटे घातली, चिमूट काढून दाबून पाहिली. मातीचा गोळा झाला. त्या बेटाच्या पानांचे फडे ती दरवर्षी दिवाळीआधी बांधते आणि एकेक फडा लेकींच्या सासरी पाठवते. एक लेक पवनी तालुक्यात आहे, दुसरी नागपुरात फ्लॅटमध्ये राहते. नागपूरच्या लेकीकडे फरशी पुसायला मशीन आहे, तरी तिचाही फडा जातो.

ती उठून वर आली. ऑपरेटर कॅबिनमधून उतरत होता. सोमवारी सकाळी ट्रेलर येणार होता आणि त्याने डोक्याचा गमछा सोडला होता.

"थांबा," ती त्याला म्हणाली, "चपला घालू नका. अजून एक काम हाय. सिंधीले शेंदूर म्या लावला. नारेल नाई फोडला."

माझा भाऊ पुढे आला. "तू? अन काल साऱ्या गावाले झाडून राहिली होती!"

"झाडलं तं झाडलं. फडे पायजे होते मले."

"गुरांना पानी दाखवाले गेलती ना तू?"

"दाखवलं. गुरांना बी दाखवलं."

काकाजी मागे उभे होते. त्यांना बोलायची आयती संधी होती. "बाई वं," ते म्हणाले, "मले विचारलं असतं तं मी वाटी तुलेच आनून देल्ली असती. अर्धी तं म्याच वापरली." एवढेच. मग त्यांनी तिच्या हातात आपला कोयता दिला.

ऑपरेटरने तिला विचारले, "बहनजी, बाद में मन में तो नहीं आएगा?"

"येईन," ती म्हणाली. "पण बोडी गेली तं जास्ती येईन. घ्या तुमी. पयले पानं तेवढी तोडून घेऊ द्या."

तिने आणि दोन बायांनी हाताला आली तेवढी पाने तोडली. ऑपरेटरने सिंधीला हात जोडले, चपला पायरीवर ठेवल्या आणि वर चढला.

सिंधीने मशीनला बोरीपेक्षा जास्त त्रास दिला. तिचे तंतू ड्रमभोवती गुंडाळले जात आणि ड्रम अडे. प्रत्येक वेळी मशीन बंद करून, खाली उतरून, सुरीने ते दोरखंड कापून काढावे लागत. काकाजी शेजारी उभे राहून सुरी देत-घेत होते. अंधार पडायच्या आत बेट जमिनीला लागले. बुंध्यांच्या मधोमध कुजलेल्या मुळांची पोकळी होती आणि तिच्यात खेकड्यांची बिळे. भाऊने इस्त्रीच्या सदऱ्याची बाही वर केली आणि हात आत घातला. तो खांद्यापर्यंत गेला. हात बाहेर काढून त्याने पंजा वहिनीपुढे धरला. पंजा ओला होता.

"सापडलं," तो म्हणाला.

"पायलं म्या," ती म्हणाली. "हात धुवा. दुकान बंद कराले जाचं हाय तुमाले."

सोमवारी सकाळी ट्रेलर आला आणि मशीन गेले. ऑपरेटरने निघताना पळसाखालच्या दगडाला हात जोडले. वहिनीने त्याला चिन्नोर तांदळाची पिशवी दिली. नंतर तो कुठल्या कामावर गेला हे मला माहीत नाही.

त्या आठवड्यात पोकळी उकरून मोकळी केली. कुजकी मुळे काढली. बोडीच्या तळातली चिकण माती थराथराने भरली आणि काकाजींनी आपल्या म्हशी प्रत्येक थरावरून फिरवल्या. बेशरमीचा भुसा मात्र तिथेच ठेवून चालत नाही. तिच्या तुकड्याला ओल लागली की तो फुटतो. म्हणून दोराच्या मागे बसून हसलेल्या बायांनीच तो ओढून उंच, कोरड्या जागी नेऊन टाकला. वहिनीने त्यांना बोलावले नव्हते. त्या आपणहून आल्या, आणि दिवसभर काकाजींच्या नखांवरून बोलून हसत होत्या. बाकीचा भुसा पारीच्या उतारावर पसरून ठेवला, म्हणजे पावसाने माती वाहू नये.

मी नोकरीवर परत गेलो. पुढचे फोनवर कळलेले आहे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, वेळेवर झाला. श्रावणात बोडी भरली. भाद्रपदात पारीच्या मागे ओल दिसते का हे पाहायला भाऊ दर रविवारी दुकान उशिरा उघडू लागला, असे वहिनीने सांगितले. भाऊने ते नाकारले. त्या दिवाळीआधी लेकींसाठी फडे कमी झाले. पवनीकडच्या लेकीला एक गेला, नागपूरच्या लेकीला वहिनीने बाजारातला पाठवला आणि तो बाजारातला आहे हे सांगितले नाही. लेकीने ओळखले.

भाद्रपद संपल्यापासून पाऊस आला नाही. खालच्या बांधीतले धान निसवले तेव्हा तिथली जमीन भेगाळू लागली होती. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने तुडुमाचा खुंटा काढला. दुपारी भाऊचा फोन आला. तो शेतातून बोलत होता आणि मागे पाण्याचा आवाज येत होता. मी वहिनीला फोन द्यायला सांगितले आणि तिलाही विचारले. पाणी शेवटच्या बांधीत पोचले होते, आणि बोडीत अजून कमरेइतके शिल्लक होते.